पाळणाघराचा खर्च आणि आपण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला विषय दिला तो असा : 'पाळणाघराचे वाढते दर व त्यावर उपाय.' मी त्यांना म्हटले, "अहो, या विषयावर एखाद्या बालमानसशास्त्र शिकलेल्या बाईंना बोलवा. मी पडले जमाखर्च लिहिणारी." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला सांगते आहे. बालमानस पुढच्या महिन्यात. या महिन्यात हिशेब हवा आहे." तेव्हा आज मी हिशेबच मांडणार आहे. चौतीस वर्षे नोकरीत आकडेमोड केली आणि आता आपल्या मंडळाची वही लिहिते, इतकाच माझा अधिकार. कोठे चुकले तर मध्येच हात वर करून सांगावे. भाषणापेक्षा हिशेब बरोबर येणे महत्त्वाचे.

विषय निघाला त्याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या रस्त्यावरील पाळणाघराने या महिन्यापासून मुलामागे एक हजार रुपये वाढवले. सात हजारांचे आठ हजार झाले. त्यावरून जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, भाजीवाल्याच्या गाडीजवळ पुष्कळ बोलणी झाली, काही कडूही झाली. एका मुलीने तर राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला आहे. तिचे नाव मी घेत नाही. ती नोकरीत आहे त्याला सहा वर्षे झाली, आणि तिचे बाळ आहे चौदा महिन्यांचे. त्याचबरोबर, ज्यांनी दर वाढवला त्या बाईही आपल्याच मंडळाच्या सभासद आहेत, आणि आज येथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणतो. त्यांनी आपली खर्चाची वही माझ्यापुढे उघडी केली आणि "सभेत वाचून दाखवलीत तरी चालेल" असे सांगितले. मला वाटते, आजच्या सभेतला सर्वांत मोठेपणाचा भाग तोच आहे. माझे भाषण त्यानंतरचे.

आधी एका समजुतीविषयी बोलू. पुष्कळजणी म्हणतात, आमच्या वेळी कोठे होती पाळणाघरे? चाळीत मुले आपोआप मोठी झाली. भगिनींनो, आपोआप कोणीही मोठे होत नाही. चाळीत मूल सांभाळले जाई, पण त्याचे पैसे दिसत नसत. ते कोणीतरी आपल्या आयुष्यातून भरत असे. घरची विधवा आत्या, थकलेली आजी, आणि फार करून थोरली मुलगी. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत जाऊन परत आलेल्या मुली आपल्यापैकी कित्येकींनी पाहिल्या असतील. काहीजणी स्वतःच तशा असतील. त्या मुलीचे शिक्षण हेच त्या 'फुकट' पाळणाघराचे शुल्क होते.

ही गोष्ट फार पूर्वी ओळखली ती ताराबाई मोडकांनी. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि त्याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरच्या भावंडाची सोय आधी लागली पाहिजे. म्हणून त्यांनी 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली. आज सरकार ज्याला अंगणवाडी म्हणते ते नावही त्यांच्याच कामातून आलेले आहे. तेव्हा पाळणाघर हे काही शहरी बायकांचे नवे खूळ नव्हे. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, गरिबांतील गरीब मुलांसाठी, आपल्याच भाषेतील दोन बायकांनी ते करून दाखवले आहे.

आता मावशींची वही. त्यांच्याकडे चौदा मुले आहेत. जुन्या दराने महिन्याची जमा ९८,००० रुपये. ऐकायला आकडा मोठा वाटतो, आणि जिन्यातल्या बोलण्यात आपण तेवढाच आकडा बोलतो. आता खर्चाची बाजू ऐका. तळमजल्यावरील दोन खोल्यांचे भाडे २४,०००. पूर्ण दिवसाच्या दोन मदतनीस बायका, प्रत्येकी १५,०००, म्हणजे ३०,०००. स्वयंपाकाला अर्धा दिवस येणाऱ्या बाई, ८,०००. दूध, फळे, भाजी, खिमटीचे तांदूळ-डाळ, १७,०००. वीज, गॅस, पाणी मिळून ६,०००. साबण, फिनेल, चादरी, मोडतोड, खेळणी, औषधाची पेटी, ४,०००. बेरीज ८९,०००. उरले ९,०००.

हे नऊ हजार मावशींचे. सकाळी साडेसातला दार उघडते आणि रात्री साडेसातला शेवटचे मूल जाते. बारा तास, आणि महिन्याचे सव्वीस दिवस. भागाकार मी करून आणला आहे : तासाला एकोणतीस रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात गाडी उशिरा आली म्हणून आठ वाजेपर्यंत बसावे लागले तर ते वेगळेच.

यंदा जागेचे भाडे दोन हजारांनी वाढले. दोघी मदतनीस बायकांना प्रत्येकी दीड हजार वाढवून दिले. चौदा हजार जास्त आले, त्यातले पाच हजार असे गेले. मावशींचे नऊ हजारांचे अठरा हजार झाले. एवढीच ती वाढ. यात कोणी माडी बांधत नाही, हे आता कोणाच्याही ध्यानात येईल.

मग प्रश्न असा की, इतर वस्तू स्वस्त करण्याच्या युक्त्या निघतात, तशी ही का निघत नाही? कारण या कामाला यंत्र नाही. कपडे धुवायला यंत्र आले, वाटायला आले, कणीक मळायलाही आले. पण रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरायला यंत्र येत नाही, आणि एका बाईला हात दोनच. दोन वर्षांखालची मुले एका बाईला तीन किंवा चारच नीट सांभाळता येतात. म्हणजे त्या बाईचा पगार तीन-चार घरांत वाटला जाणार, हे ठरलेलेच. इतर नोकऱ्यांतले पगार वाढले, भाडी वाढली, की तिचाही पगार वाढणार. तसा तो वाढला नाही तर ती दुसऱ्या कामाला जाईल. मात्र तिच्या हाताखालची मुले वाढवता येत नाहीत. म्हणून हा खर्च वाढतो, आणि पुढेही वाढेल. आज ना उद्या आपोआप उतरेल या आशेवर कोणी राहू नये.

यातून एक गोष्ट सरळ निघते. एखादे पाळणाघर फारच स्वस्त असेल तर त्याने दोहोंपैकी एक केले असणार. एका बाईकडे आठ-दहा तान्ही मुले दिली असतील, नाहीतर त्या बाईला कमी पैशांत राबवले असेल. पहिल्यात आपल्या मुलाचे नुकसान, दुसऱ्यात आपल्यासारख्याच एका आईचे. मदतनीस बायकांनाही मुले असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आपले मूल पाहणाऱ्या बाईचे मूल त्या वेळी कोठे असते, हे एकदा विचारून पाहावे. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, खर्च जरूर कमी करा, पण तो या दोन ठिकाणांहून कापू नका. पाळणाघर पाहायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रे आणि कॅमेरे नंतर पाहा. आधी मोजा : मुले किती, हात किती. बाई किती वर्षे टिकल्या आहेत ते विचारा. न सांगता दुपारी तीन वाजता जाऊन पाहा. मुले झोपून उठण्याची ती वेळ, तेव्हा घराचे खरे रूप दिसते.

आता दुसऱ्या बाजूची वही उघडू. पर्समध्ये राजीनामा ठेवलेल्या मुलीचा हिशेब मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून केला. तिच्या हाती येतात बत्तीस हजार. ती म्हणाली, "काकू, आठ हजार पाळणाघराला, म्हणजे माझा पाव पगार गेला. वर गाडीचा पास, रिक्षा, बाहेरचा डबा. मी कमावते कशासाठी?" मी तिला विचारले, "मूल एकट्या तुझे आहे का?" ती हसली. तिच्या नवऱ्याच्या हाती पंचेचाळीस हजार येतात. दोघांचे मिळून सत्त्याहत्तर हजार. त्यातून आठ हजार म्हणजे दहाव्या हिश्शाहून किंचित जास्त. ओझे आहेच, मी नाही म्हणत नाही. पण पाव पगार आणि दहावा हिस्सा यांत फरक आहे, आणि तो फरक फक्त वहीत कोणाच्या नावाखाली खर्च लिहिला एवढ्यामुळे पडला. घरभाडे आपण कोणा एकाच्या पगारातून वजा करत नाही. विजेचे बिल करत नाही. पाळणाघराचेच तेवढे आईच्या नावावर का लिहावे? हा खर्च घराचा आहे. वहीत तो घराच्या पानावर लिहा, म्हणजे निम्मे भांडण मिटते.

राजीनाम्याचाही खर्च असतो, तो कोणी लिहीत नाही. तिचा मूळ पगार पंधरा हजार धरला तर बारा टक्क्यांनी अठराशे रुपये तिचे आणि तेवढेच मालकाचे, असे दरमहा भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत जमा होतात. मालकाच्या वाट्यातील मोठा भाग निवृत्तिवेतनाकडे जातो, आणि ते मिळण्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागते. तिची सहा झाली आहेत. आज सोडली तर ती सहा अर्धवट राहतात. दरवर्षीची वाढ बुडते. आणि मूल पाच वर्षांचे झाल्यावर पुन्हा नोकरी धरू म्हटले तर त्याच पायरीवर कोणी उभे करत नाही, खालून चढावे लागते. पाळणाघराचा मोठा खर्च तीन-चार वर्षांचा. राजीनाम्याचा खर्च वीस-पंचवीस वर्षांचा. ज्यांना मुलाजवळ राहावेसे वाटते म्हणून नोकरी सोडायची आहे, त्यांनी आनंदाने सोडावी. त्यात कमीपणा काहीच नाही. पण 'परवडत नाही' म्हणून सोडणार असाल तर आधी दोन्ही पाने लिहा, बेरीज करा आणि मग ठरवा.

येथे पुरुषांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. आज काही मंडळी मागे दाराशी उभी आहेत, त्यांनी पळू नये. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के बायका दिवसात घरच्या माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुषांपैकी २१ टक्क्यांच्या आसपास. ज्या बायका हे काम करतात त्यांचा त्यात रोज सरासरी १४० मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ७४ मिनिटे. आता हाच आकडा पाळणाघराच्या भाषेत वाचा. ज्या घरात वडील सकाळी मुलाला न्हाऊ घालून साडेनऊला सोडतात आणि आई संध्याकाळी लवकर निघून सहाला आणते, त्या घराला बारा तासांचे पाळणाघर लागत नाही. साडेआठ तासांचे पुरते. मावशींकडे त्याचा दर कमी आहे. डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या दोघांनाही हे जमेलच असे नाही. आपल्या गाड्यांची गर्दी मला ठाऊक आहे, मी ती चौतीस वर्षे भोगली आहे. पण कामाच्या वेळा थोड्या मागे-पुढे करून मिळतात का, हे वडिलांनी आपल्या कचेरीत एकदा विचारायला काय हरकत आहे? आईने दहा वेळा विचारलेले असते.

आणि आजी. भगिनींनो, आपल्यापैकी निम्म्या आज्या आहोत. नातवंड सांभाळण्याची हौस कोणाला नाही? पण हौस दोन तासांची असते आणि काम दहा तासांचे. साठी उलटल्यावर दोन वर्षांच्या मुलामागे जिना चढउतार करणे म्हणजे काय, ते गुडघ्यांना विचारावे. म्हणून सुनांना माझे सांगणे : आजी म्हणजे पैसे न घेणारे पाळणाघर असे समजू नका. तिचा वार ठरवा, तिची सुटी ठरवा, तिचे भजन, तिचे मंडळ, तिची डॉक्टरची वेळ मोडू नका. आणि सासवांनाही सांगणे : जमत नसेल तर पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा. मनात ठेवून सहा महिन्यांनी भांडण करू नका. तीन दिवस आजी आणि तीन दिवस पाळणाघर अशी वाटणीही होते. मावशी आठवड्यातून तीन दिवसांचे मूल घेतात, आणि त्याचे पैसेही त्या मानाने घेतात. मी विचारून आले आहे.

आता उपायांकडे वळते. मी पाच सांगणार आहे. पहिला, दोन-तीन घरांनी मिळून एक बाई ठेवणे. एका इमारतीत तीन घरांत तीन लहान मुले असतील तर पंधरा हजारांची एक चांगली बाई तिघींना पाच-पाच हजारांत पडते. वर ज्याचे त्याचे खाणे. मात्र बसून आधी चार गोष्टी कागदावर लिहा. कोणत्या महिन्यात कोणाच्या घरी मुले राहणार. बाईची आठवड्याची सुटी कोणती. बाई आजारी पडली तर कोण रजा घेणार, त्याची पाळी. आणि तिघींपैकी एक सोडून गेली तर किती दिवसांची पूर्वसूचना. हे न लिहिल्यामुळे अशा योजना मोडतात. मुलांमुळे सहसा मोडत नाहीत.

दुसरा, पाळणाघराशी लेखी बोलणे. दर वर्षातून एकदाच वाढेल आणि दोन महिने आधी सांगितले जाईल. मूल पंधरा दिवस गावी गेले तर किती पैसे द्यायचे. उशीर झाला तर तासाला किती. अनामत रक्कम परत केव्हा मिळेल. मावशींनी हे चारही मुद्दे मान्य केले आहेत. याउलट आयांनी एक मान्य करायचे : पैसे पाच तारखेच्या आत. मावशींच्या वहीत अजून दोन महिन्यांपूर्वीचीही येणी आहेत. किराणावाला त्यांना थांबत नाही.

तिसरा उपाय कायद्याचा. तो आपण कमी वापरतो. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा झाली. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे जेथे काम करतात तेथे पाळणाघराची सोय करणे मालकावर बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याची मुभाही मिळाली. विश्रांतीची सुटी त्यातच धरली जाते. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली आहे. त्यात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. प्रत्येक कचेरीने आपले स्वतंत्र पाळणाघर काढलेच पाहिजे असे नाही. काही आस्थापना एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवू शकतात, किंवा नगरपालिकेच्या, संस्थेच्या, खाजगी पाळणाघराची सोय घेऊ शकतात. आता अडचण अशी की कचेरी मुंबईत आणि बाळ डोंबिवलीत. तान्ह्याला घेऊन सकाळच्या गाडीत कोण चढणार? खरे आहे. म्हणूनच कचेरीला असे सुचवावे की, तुम्ही तेथे खोली काढण्याऐवजी घराजवळच्या पाळणाघराच्या शुल्कात काही वाटा उचला. हा वाटा द्यायलाच हवा असे मालकाला म्हणता येणार नाही, पण मागता येते. एकटीने मागू नका. पाच-सहाजणींनी एक अर्ज करा. अर्जाचा मसुदा करून हवा असेल तर मंगळवारी चारनंतर मी मंडळात असते. केंद्र सरकारच्या नोकरीत ज्या आहेत त्यांना बालसंगोपनासाठी सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा आहे, हेही त्यांनी विसरू नये.

चौथा, अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथे शाळापूर्व शिक्षण आणि आहार मिळतो. तिची वेळ थोडी असते, त्यामुळे कामाचा पूर्ण दिवस तिने भागत नाही. पण केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'खाली २०२२ पासून 'पाळणा' नावाची योजना आहे. तीत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचे पाळणाघर काढता येते. आपल्या मागच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या पुष्कळ बायका राहतात. त्यांना आठ हजार काय, दोन हजारही परवडणारे नाहीत. त्यांच्यासाठी असे केंद्र मिळावे म्हणून मंडळाने बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली. इमारत जेथे उभी राहते तेथे पाळणा बांधायचा, इतकी साधी ती कल्पना. आपल्याला तर इमारत बांधून तयार आहे. अर्ज लिहायला काय लागते?

पाचवा उपाय आपल्या हातचा आहे, आणि तोच ठरवून घेण्यासाठी मी उभी आहे. आपला हा हॉल. सकाळी योगवर्ग, मंगळवारी भजन, महिन्यातून एकदा सभा. बाकी दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात याला कुलूप असते. दुसरीकडे, शाळेतून दुपारी घरी येणारी पाच ते दहा वर्षांची मुले किल्ली गळ्यात अडकवून जिन्यात बसतात. मावशींकडे जागा नाही म्हणून त्या शाळकरी मुले घेतच नाहीत. त्यामुळे आपण ही मुले घेतली तर मावशींच्या ताटातला घास जात नाही. उलट, मोठी भावंडे इकडे आली की तान्ह्यांचा विचार करायला आयांना मोकळीक मिळेल.

खर्च मांडते. वीस मुले धरू. दोन बायका अर्ध्या दिवसाच्या, प्रत्येकी आठ हजार, म्हणजे १६,०००. खाऊ, एका मुलाला रोजचे वीस रुपये, बावीस दिवस, वीस मुले, म्हणजे ८,८००. वीज, झाडलोट, किरकोळ, २,२००. एकूण २७,०००. दर ठेवू दीड हजार. अठरा मुलांचे बरोबर सत्तावीस हजार येतात आणि खर्च भागतो. उरलेली दोन मुले वस्तीतील, विनाशुल्क. हॉलचे भाडे मंडळाने घेऊ नये. सतरंज्या, एक कपाट, दाराला खिटी, औषधाची पेटी आणि गॅलरीला जाळी, एवढा सुरुवातीचा खर्च आपल्या शिलकेतून करावा. शिल्लक त्यासाठी पुरेशी आहे, हे खजिनदार म्हणून सांगते.

हरकती मला ठाऊक आहेत. एक भगिनी म्हणाल्या, "मुले भिंती खराब करतील." करतील. वर्षातून एकदा रंग देऊ. दुसऱ्या म्हणाल्या, "मुलाला काही लागले तर जबाबदारी कोणाची?" हा प्रश्न योग्य आहे. त्यासाठी दोन पगारी बायका आणि रोज एक सभासद, अशी पाळी हवी. मूल कोण नेणार त्यांची नावे वहीत लिहून घ्यायची, त्याखेरीज कोणाच्याही हाती मूल द्यायचे नाही. जवळच्या डॉक्टरांना आधी भेटून ठेवायचे. तिसऱ्या म्हणाल्या, "सगळे काम आम्ही फुकट का करावे? आमची मुले मोठी झाली." त्यांना मी इतकेच म्हणेन की, पगारी काम पगारी बायकांनीच करायचे आहे. सभासदांकडे फक्त आठवड्यातला एक दिवस, चार तास, आणि तोही ज्यांना जमेल त्यांनी. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. तिच्यातील बायकांनी पुढे मुले सांभाळण्यासाठी स्वतःची सहकारी मंडळी काढली. त्या काही आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हत्या, किंवा त्यांना मोकळा वेळही जास्त नव्हता. त्यांनी फक्त हे काम आहे, आणि ते मिळून करायचे आहे, एवढे मान्य केले.

शेवटची एक लहान सूचना लेकी-सुनांसाठी. पाळणाघराचा खर्च सारखा येत नाही. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा दिवसभराची सोय लागते. अनामत रक्कम एकदम भरावी लागते. त्यासाठी दहाजणींनी पाचशे रुपयांची एक भिशी लावा आणि तिचा उपयोग फक्त याच कामी करा. ज्या महिन्यात जिला जास्त निकड, तिला त्या महिन्यात उचल. साडी आणि भांड्यांसाठी आपण भिशी लावतोच. मुलासाठी एक लावायला हरकत नसावी.

भगिनींनो, मूल आईचे असते हे खरे, पण ते मोठे होते ते चार घरांच्या आधाराने. पूर्वी हा आधार न बोलता मिळे, आणि त्याची किंमत कोणा एकीलाच मोजावी लागे. आता तो ठरवून, लिहून, वाटून घ्यावा लागेल. मला ही पद्धत जास्त न्यायाची वाटते. तेव्हा अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने मी ठराव मांडते की, मंडळाचा हॉल दुपारच्या वेळी शाळकरी मुलांसाठी सहा महिने चालवून पाहावा, दर महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लावावा, आणि सहा महिन्यांनी पुढचे ठरवावे. ठरावाला अनुमोदन कोण देते ते सभेने पाहावे. दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर ज्यांना मुले पाठवायची आहेत त्यांनी नावे लिहावीत, दुसऱ्यावर ज्यांना एक दिवसाची पाळी घेता येईल त्यांनी. दोन्ही पाने सारखी भरली, तर हिशेब जुळला असे मी समजेन.